इटली १९४६ ते १९९४: सरकारं सारखी पडत होती, मग सत्ता एकाच पक्षाकडे कशी राहिली?

राधिका_वाचते

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप वाचतेय. फ्रान्स, जर्मनी बऱ्यापैकी डोक्यात बसलं पण इटलीपाशी येऊन गाडी अडकलीये. पंतप्रधानांची यादी वहीत उतरवून घ्यावी म्हणून बसले तर दोन पानं भरली! १९४६ पासून १९९४ पर्यंत पन्नासच्या आसपास सरकारं, म्हणजे सरासरी वर्षाला एक. पण नावं बघावीत तर तीच तीच, दे गास्पेरी, फानफानी, मोरो, आंद्रेओत्ती, त्यातले आंद्रेओत्ती तर सात वेळा. प्रजासत्ताक झाल्यापासून १९८१ पर्यंत प्रत्येक पंतप्रधान ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचाच, आणि त्यानंतरही तो पक्ष सरकारात आहेच.

मग ह्याला अस्थिरता म्हणायचं का स्थिरता, हेच मला कळेना झालंय. दुसरं म्हणजे तिथला कम्युनिस्ट पक्ष, पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा, १९७६ मधे ३४ टक्क्यांच्या वर मतं, आणि तरी १९४७ नंतर एकदाही मंत्रिमंडळात नाही? एवढ्या लोकांच्या मताचं काय झालं? आणि हे सगळं रोममधे चालू असताना साधी माणसं कशी जगत होती, कारण युद्ध संपलं तेव्हा उपाशी असलेला देश वीस वर्षांत गाड्या आणि फ्रीज बनवून जगाला विकायला लागला, हे तर सरकारांच्या ह्या यादीत कुठेच दिसत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, मोठे प्रतिसाद चालतील, मी वही घेऊनच बसलेय.

ग्रंथाळ

राधिका, सरकार पडणं आणि सत्ता जाणं ह्या तिकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एवढं पहिल्यांदा वहीत लिही. सरकार पाडणारे बहुतेक वेळा विरोधक नसायचेच, घरातलेच असायचे. ख्रिश्चन डेमोक्रॅट हा नावाला एक पक्ष, आत पाच-सहा गट, प्रत्येकाचा पुढारी वेगळा, पैसा वेगळा, कार्यालय वेगळं, आणि मतदार यादीतल्या आवडत्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर लिहू शकायचा त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांच्या जिवावर उठलेले. एखाद्या गटाला वाटलं आपल्याला खाती कमी आली की रुसवा, मग राजीनामा, मग महिनाभर वाटाघाटी, आणि नवीन सरकार म्हणून पुन्हा तीच माणसं फक्त खात्यांची अदलाबदल करून. साठच्या दशकात ह्याचं चक्क गणित मांडलं गेलं. पक्षाचे एक पदाधिकारी होते मास्सिमिलियानो चेंचेल्ली, त्यांनी हिशोब घालून दिला की पक्षाच्या अधिवेशनात ज्या गटाला जेवढे टक्के त्या प्रमाणात त्याला मंत्री आणि उपमंत्री. 'चेंचेल्लीचं मॅन्युअल' हा शब्द इटालियन राजकारणात आजही वापरतात.

त्यात घटनेचा भाग. १ जानेवारी १९४८ ला लागू झालेली घटना ज्यांनी लिहिली त्यांनी वीस वर्षं मुसोलिनी बघितला होता, कोणी तुरुंगात काढली कोणी परदेशात. एका माणसाच्या हाती परत एवढी ताकद जाऊ द्यायची नाही हे त्यांच्या मनात पक्कं होतं, म्हणून पंतप्रधान मुद्दाम कमजोर ठेवला, दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो, निवडणूक प्रमाणशीर पद्धतीची म्हणजे छोट्यातल्या छोट्या पक्षालाही जागा. आणि १९८८ पर्यंत कायद्यावरचं शेवटचं मतदान गुप्त असायचं! म्हणजे खासदार तोंडाने सरकारबरोबर आणि मत विरोधात. असं मत देणाऱ्यांना तिकडे लपून गोळी झाडणारे नेमबाज म्हणायचे, आणि अर्थसंकल्पाच्या वेळी ह्या नेमबाजांनी किती सरकारांना घाम फोडला त्याला गणती नाही.

पण हे झालं यंत्र. खरं कारण माझ्या मते १८ एप्रिल १९४८. दे गास्पेरी जानेवारी १९४७ मधे अमेरिकेला जाऊन आले, मे महिन्यात कम्युनिस्ट आणि सोशालिस्ट सरकारच्या बाहेर, आणि पुढच्या वसंतात ती निवडणूक. एका बाजूला गॅरिबाल्डीचा चेहरा निशाणी घेतलेली डावी आघाडी, दुसऱ्या बाजूला ख्रिश्चन डेमोक्रॅटांची निशाणी, क्रूसाची ढाल. ह्या निवडणुकीइतकी तापलेली निवडणूक युरोपात क्वचित झाली असेल. अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी गावाकडच्या नातेवाईकांना पत्रांवर पत्रं पाठवली की डाव्यांना मत देऊ नका, सीआयएने पैसा ओतला (हे नंतर उघड झालं), तिकडे सोव्हिएत बाजूनेही डाव्यांना मदत होतीच. आणि गावोगावी चर्चच्या नागरी समित्या घरोघर फिरत होत्या. त्या वेळचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, मतदानाच्या खोलीत देव तुला बघतोय, स्टालिन नाही. निकाल ४८.५ टक्के विरुद्ध ३१. त्या दिवसापासून पुढची चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत मतदाराला वाटायचं की सरकार बदललं तर देशाची बाजूच बदलेल, नेटोतून मॉस्कोकडे. म्हणून नाक दाबून का होईना, लोक त्यांनाच मत द्यायचे. पर्यायच नाही म्हटल्यावर पक्षाला आतल्या आत भांडायला मोकळं रान मिळालं. सत्ता जाण्याची भीती असती तर ते इतके भांडले नसते असं मला ठामपणे वाटतं.

पो_नदीकाठी

मी नऊ वर्षं तुरिनमधे राहते म्हणून साध्या माणसांबद्दल लिहिते, राजकारण ग्रंथाळकाकांनी छान सांगितलंय. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, दक्षिणेतल्या पुलिया भागातल्या, १९६० मधे नवऱ्याच्या मागे इथे आल्या. दक्षिणेतून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या एकीचं नाव 'सूर्याची गाडी', रात्रभर प्रवास करून सकाळी पोर्ता नुओव्हा स्टेशनवर माणसं उतरायची, हातात दोरीने बांधलेली पुठ्ठ्याची बॅग. आजी सांगतात पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर आल्या आणि धुकं बघून घाबरल्या, त्यांना वाटलं कुठेतरी आग लागलीये. नवरा फियाटच्या मिराफियोरी कारखान्यात, खोली एक, माणसं सहा, पलंग पाळीपाळीने, म्हणजे रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर. 'दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही' अशा पाट्या त्यांनी स्वतः बघितल्यात. वाचता येत नव्हतं, नवऱ्याने वाचून दाखवली आणि पुढे चालू लागला म्हणे, त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. हे सांगताना अजूनही त्या पदराशी, म्हणजे एप्रनच्या टोकाशी, चाळा करत बसतात.

आता ह्यातला सरकारचा भाग ऐका, तो मला फार लागला. १९३९ मधे फॅसिस्टांनी एक कायदा केला होता की खेड्यातल्या माणसाने शहरात राहायला यायचं तर आधी तिथे नोकरी दाखवायची. आणि नोकरी हवी तर आधी त्या शहरातल्या रहिवासाचा दाखला! फॅसिझम गेला, राजा गेला, प्रजासत्ताक आलं, घटनेत देशात कुठेही राहायचा हक्क लिहिला गेला, आणि हा कायदा मात्र १९६१ पर्यंत तसाच. म्हणजे ज्या हातांनी तुमचा तो आर्थिक चमत्कार घडवला, त्यातले कितीतरी लोक स्वतःच्याच देशात कागदोपत्री बेकायदा. आजी पहिलं वर्ष अशाच होत्या, दाराची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं.

पण हेही खरं की आयुष्य बदललं, आणि झपाट्याने बदललं. ३ जानेवारी १९५४ ला टीव्ही सुरू झाला, १९५५ मधे फियाट ६००, ५७ मधे ती छोटी ५००, १९६४ मधे मिलान ते नेपल्स हायवे पूर्ण. आणि टीव्हीवर १९६० पासून आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला वाचायला शिकवायचे, मोठा कागद लावलेला असायचा, त्यावर कोळशाच्या कांडीने झरझर चित्र काढायचे आणि मग अक्षर. आजी त्यांच्याकडून सही शिकल्या. घरी टीव्ही नव्हता, चर्चच्या हॉलमधे जायच्या, बाकावर मूल मांडीत घेऊन. मला त्यांनी एकदा पेन्शनच्या पुस्तकावरची ती सही दाखवली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं आणि शेवटच्या अक्षराखाली एक रेघ. मान्झीसरच तशी रेघ ओढायचे असं त्यांचं म्हणणं.

जे उत्तरेत नाही आले ते बेल्जियमच्या खाणीत गेले. १९४६ च्या करारात इटलीने माणसं द्यायची आणि बेल्जियमने कोळसा, असं सरळ ठरलेलं. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलला आग लागली, २६२ मेले, त्यातले १३६ इटालियन.

राधिका_वाचते

ताई, तो रहिवासाचा कायदा वाचून सुन्न झाले. कुठल्याच पुस्तकात मला हे भेटलं नव्हतं. आजींना माझा नमस्कार सांगा.
ग्रंथाळकाका, पर्याय नव्हता हे समजलं, पण मग कम्युनिस्टांना मत देणारे कोटभर लोक चाळीस वर्षं नुसते बघत बसले का? हे अजून पटत नाहीये.

लाल_मातीचा

नाही बसले, आणि म्हणूनच मी काकांशी अर्धाच सहमत आहे. सगळं अमेरिका आणि चर्चवर ढकललं की त्या लोकांनी जे केलं ते पुसलं जातं. बाहेर ठेवलेला पक्ष म्हणतात, पण घटना लिहिणाऱ्यांत ते होते. त्यांचे नेते तोल्यात्ती १९४६ मधे कायदामंत्री असताना त्यांनीच फॅसिस्टांना माफी देणारा आदेश काढला, आणि १९४७ मधे चर्चशी मुसोलिनीने केलेला करार घटनेत घ्यायला मतही दिलं, स्वतःचे लोक चिडले तरी. त्यांना क्रांती नको होती असं नाही, पण देश पुन्हा दुभंगायला नको हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. १४ जुलै १९४८ ला तोल्यात्तींवर संसदेबाहेर गोळ्या झाडल्या, देशभर कारखाने बंद, काही ठिकाणी कामगारांनी युद्धातली लपवलेली हत्यारं बाहेर काढली, आणि जखमी माणसाचा निरोप आला की डोकं शांत ठेवा. त्या दिवशी एक शब्द वेगळा गेला असता तर ग्रीससारखं यादवी युद्ध झालं असतं.

चुका मोठ्या होत्या, लपवत नाही. १९५६ मधे हंगेरीत रणगाडे घुसले तेव्हा पक्ष मॉस्कोच्या बाजूने उभा राहिला आणि कितीतरी चांगली माणसं सोडून गेली. मॉस्कोचा पैसाही येत होता. पण १९६८ ला प्रागमधे सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा उघड निषेध केला, आणि पुढचे पक्षनेते बर्लिंग्वेर तर १९७६ मधे मुलाखतीत म्हणाले की नेटोच्या ह्या बाजूला मला जास्त सुरक्षित वाटतं. आणि रोम बंद असलं तरी बोलोन्या होतं ना! युद्धानंतर सलग तिथे कम्युनिस्ट महापौर, बालवाड्या, बस, घरं, जुनं शहर न पाडता दुरुस्त करणं, हे बघायला बाहेरून लोक यायचे. मत वाया गेलं असं तिथल्या माणसाला कधीच वाटलं नसणार.

बर्लिंग्वेरनी १९७३ मधे चिलीतलं निवडून आलेलं डावं सरकार लष्कराने पाडलेलं बघून लिहिलं की ५१ टक्के मिळाले तरी डाव्यांना एकट्याने राज्य करता येणार नाही, कॅथलिकांबरोबर ऐतिहासिक तडजोड करावी लागेल. समोरच्या बाजूला हे ऐकून घेणारा माणूस होता आल्दो मोरो. १६ मार्च १९७८ ला कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावरचं सरकार संसदेत विश्वासमत घेणार होतं, मोरो तिकडेच निघाले होते, व्हिया फानी रस्त्यावर रेड ब्रिगेड्स ह्या सशस्त्र अतिडाव्या गटाने गाडी अडवली, पाचही सुरक्षारक्षक मारले आणि मोरोंना पळवून नेलं. पंचावन्न दिवस. सरकारने वाटाघाटी करायच्या नाहीत असं ठरवलं आणि कम्युनिस्ट त्याला सगळ्यात ठामपणे चिकटून राहिले. मोरोंची कोठडीतून आलेली पत्रं वाचवत नाहीत, स्वतःच्याच पक्षातल्या एकेकाला नाव घेऊन विनवतात. ९ मे ला लाल रेनॉच्या मागच्या भागात मृतदेह, गाडी व्हिया काएतानीत, दोन्ही पक्षांच्या मुख्यालयांपासून चालत काही मिनिटांवर. मी त्या गल्लीत गेलोय. अरुंद आहे, एक फलक आहे भिंतीवर, बाकी लोक घाईत जात असतात.

आणि राधिका, गुइदो रोस्सा हे नाव वहीत लिहून ठेव. जेनोवाच्या पोलाद कारखान्यातला कामगार, कम्युनिस्ट, युनियनचा माणूस. कारखान्यात रेड ब्रिगेड्सची पत्रकं कोण ठेवतंय हे बघितल्यावर तक्रार दिली. बाकीचे सहकारी ऐनवेळी मागे सरले, कोर्टात साक्ष द्यायला हा एकटा उभा राहिला. २४ जानेवारी १९७९ ला पहाटे कामावर निघाला असताना गाडीत गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी आले, स्वतः फॅसिझमविरुद्ध लढलेला माणूस, गोदी कामगारांमधे जाऊन बोलले. कामगारांच्या नावाने बंदुका चालवणाऱ्यांनी एका कामगाराला मारलं हे डोळ्यांनी बघितल्यावर कारखान्यांमधे त्यांना जी थोडीफार सहानुभूती होती ती आटत गेली.

ग्रंथाळ

मान्य. बोलोन्या आणि घटना हे माझ्या प्रतिसादात यायलाच हवं होतं. फक्त एक जोडतो, दहशत एकाच बाजूची नव्हती. १२ डिसेंबर १९६९ मिलानची पियाझ्झा फोंताना, बँकेत बॉम्ब, १७ मृत. पोलिसांनी आधी अराजकवाद्यांना धरलं, त्यातले रेल्वे कामगार पिनेल्ली चौकशी चालू असताना पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून गेले. नंतर कळलं की बॉम्ब नव-फॅसिस्टांचा होता, आणि गुप्तचर खात्यातल्या काही लोकांनी तपास भरकटवला होता. २ ऑगस्ट १९८० बोलोन्या स्टेशन, सुट्टीच्या दिवसांतला शनिवार, दुसऱ्या वर्गाचा वेटिंग हॉल गच्च, ८५ मृत, तोही नव-फॅसिस्टांचाच बॉम्ब. स्टेशनबाहेरचं एक घड्याळ अजून १०:२५ वर थांबवून ठेवलंय.

निळीशाई

इतक्या चर्चेत बायका कुठेच नाहीत म्हणून लिहितेय. राधिका, २ जून १९४६ ला राजा हवा की प्रजासत्ताक हे ठरवायला देशपातळीवर पहिल्यांदा बायकांनी मत दिलं आणि प्रजासत्ताक ५४ टक्क्यांनी जिंकलं. घटना समितीत ५५६ जणांत बायका फक्त २१, पण कायद्यापुढे लिंगभेद नाही हे घटनेत पक्कं व्हायला त्या झगडल्या.

आणि तरी बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा माफ, हा कायदा १९८१ पर्यंत होता! सिसिलीतल्या आल्कामोची फ्रांका व्हिओला, १७ वर्षांची, डिसेंबर १९६५ मधे पळवून नेली, सुटका झाल्यावर सगळ्या गावाची अपेक्षा की आता लग्न करून अब्रू वाचव, आणि ती नाही म्हणाली. वडील तिच्या पाठीशी उभे राहिले, त्यांच्या द्राक्षांच्या मळ्याला आग लावली तरी हटले नाहीत. खटला चालला, माणूस तुरुंगात गेला. माझ्यासाठी इटलीच्या इतिहासातला हा प्रसंग कुठल्याही सरकार पडण्यापेक्षा मोठा आहे.

घटस्फोटाचा कायदा १९७० च्या डिसेंबरात आला, चर्च आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट दोघांनी मिळून तो रद्द करायला मे १९७४ मधे सार्वमत लावलं, फानफानी स्वतः दक्षिणेत फिरले. ५९ टक्के लोकांनी कायदा राहू दे म्हणून सांगितलं. म्हणजे चर्चला जाणाऱ्या, त्याच पक्षाला मत देणाऱ्या लाखो बायकांनी ह्या बाबतीत पक्षाचं ऐकलं नाही. कम्युनिस्ट नेत्यांनाही हे सार्वमत नको होतं, त्यांना धास्ती होती की बायका चर्चच्या मागे जातील. दोघांनीही बायकांना ओळखलं नव्हतं.

राधिका_वाचते

निळीशाई, फ्रांकाबद्दल लिहिलंत ते दोनदा वाचलं. तिचे वडीलसुद्धा.
शेवटचा प्रश्न, मग हे सगळं १९९२ मधे एकदम कोसळलं कसं?

ग्रंथाळ

एकदम नाही, खालून वाळवी लागलेलीच होती. पोस्टातली नोकरी, सरकारी कंपनीतली भरती, दक्षिणेत अपंगत्वाची पेन्शन, सगळं वशिल्यावर, आणि ठेक्यांवर पक्षांचा ठरलेला टक्का. १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, १९९१ मधे कम्युनिस्ट पक्षाने स्वतःचं नावच बदललं, मग ज्या भीतीने लोक नाक दाबून मत देत होते ती भीतीच संपली.

त्याच वर्षी जून महिन्यात मतपत्रिकेवर एकाच नावाची पसंती ठेवावी का ह्यावर सार्वमत झालं. सोशालिस्ट नेते क्राक्सी लोकांना म्हणाले समुद्रावर जा. लोक रांगा लावून आले, ९५ टक्क्यांच्या वर हो. पुढाऱ्यांनी हा इशारा ऐकला नाही. १७ फेब्रुवारी १९९२ ला मिलानमधे एका वृद्धाश्रमाचे सोशालिस्ट अध्यक्ष मारिओ किएझा सत्तर लाख लिरा लाच घेताना पकडले गेले. पैसे देणारा छोटा सफाई ठेकेदार, दर ठेक्यावर दहा टक्के देऊन कंबरडं मोडलेला, आधी पोलिसांकडे गेला होता, नोटांवर खुणा केलेल्या. क्राक्सींनी किएझाला भुरटा म्हणून झटकून टाकलं, तो चिडला आणि तुरुंगात बोलायला लागला, मग एकामागून एक सगळे बोलायला लागले. त्याच उन्हाळ्यात माफियाने फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो हे दोन न्यायाधीश बॉम्बने उडवले, लोकांचा संयम संपला. ३ जुलैला क्राक्सी संसदेत म्हणाले की पक्षांचा पैसा बेकायदा असतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे, कोणाला नाकारायचं असेल तर त्याने शपथेवर सांगावं. कोणी उठलं नाही. ३० एप्रिल १९९३ ला ते रोममधल्या हॉटेलातून बाहेर आले तेव्हा जमावाने त्यांच्यावर नाणी फेकली.

राधिका_वाचते

आणि ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे मतदार कुठे गेले?

लाल_मातीचा

पक्ष जानेवारी १९९४ मधे विसर्जित झाला. मार्चच्या निवडणुकीत त्यातून निघालेल्या नव्या पक्षाला ११ टक्के, आणि टीव्ही चॅनेलांचे मालक बेर्लुस्कोनी ह्यांच्या जेमतेम दोन महिन्यांच्या पक्षाला २१, सगळ्यात जास्त. उत्तरेतले बरेच आधीच लेगा ह्या तिथल्या प्रादेशिक पक्षाकडे सरकले होते. ह्यावर वेगळा धागा काढ, मी येतो.